वीस मुलं, एक सर्व्हर: थिन क्लायंट लॅबमध्ये प्रत्येकाचा वाटा कसा ठरवायचा

परभणी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या संगणक शिक्षिकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. लॅबमध्ये वीस जुने संगणक आहेत. बहुतेकांत ४ जीबी रॅम आहे, दोन-तीन २ जीबीवाले आहेत. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि ही यंत्रं विंडोज ११च्या अटीत बसत नाहीत. म्हणून एकानं १६ जीबी रॅमचा एक लिनक्स सर्व्हर बसवून सगळी यंत्रं आरडीपीनं, म्हणजे दूरच्या संगणकाचा पडदा आपल्यासमोर आणणाऱ्या सोयीनं, त्याला जोडून दिली. दहा मुलं बसली की ठीक चालतं, वीस बसली की माऊससुद्धा हलत नाही. सकाळच्या तासापेक्षा दुपारचा तास जास्त अडतो. कुणीतरी डेस्कटॉपची खालची पट्टी उडवतं, सामायिक फोल्डरमधल्या फाइली गायब होतात, काही मुलांचं लॉगिन होतं आणि लगेच पुन्हा लॉगिनचाच पडदा येतो. सर्व्हरची रॅम ३२ जीबी करून द्या असं पत्र मुख्याध्यापकांना द्यावं का, असा शेवटचा प्रश्न आहे.

मॅडम, पत्र आत्ता देऊ नका. रॅम दुप्पट केली तर काही आठवडे बरं वाटेल. मग मुलं दोनऐवजी पाच टॅब उघडतील आणि तुम्ही पुन्हा तिथेच याल. तुमच्या लॅबमध्ये कुणाच्याच वाट्याला हद्द नाही. एका मुलानं सगळं खाल्लं तरी त्याला अडवणारं काही नाही, आणि त्याचा भार उरलेल्या एकोणीस जणांवर पडतो. कालव्याच्या तोंडाशी असलेल्यानं दार पूर्ण उघडलं की शेवटच्या टोकाचं रान कोरडंच राहतं. धरणात पाणी वाढवून ते भिजत नाही, पाळी ठरवावी लागते. आधी पाळी ठरवू, मग काय विकत घ्यायचं ते पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे मुलानं उघडलेला प्रोग्रॅम नेमका कुठे चालतो हे पक्कं समजून घ्या. आरडीपीच्या मांडणीत तो सर्व्हरवर चालतो आणि मुलासमोर फक्त चित्र येतं. अशा पडद्यापुरत्या यंत्राला थिन क्लायंट म्हणतात. साधा हिशोब करा. हलक्यातलं हलकं डेस्कटॉप सेशन चार-पाचशे एमबी घेतं. त्यावर ब्राउझरमध्ये दोन-तीन जड पानं उघडली की आणखी एक जीबी गेलं. वीस मुलांचे तीस जीबी होतात आणि तुमच्याकडे सोळा आहेत. दहा मुलांपर्यंत ठीक चालण्याचं कारण हेच. अकराव्या-बाराव्या मुलाला सर्व्हर स्वॅपमध्ये जातो, म्हणजे रॅम संपली म्हणून डिस्कची जागा वापरू लागतो, आणि स्वॅप हार्ड डिस्कवर असेल तर सगळ्यांचे माऊस एकदम थांबतात.

व्हिडिओची गोष्ट वेगळी. १३६६ गुणिले ७६८चा पडदा, प्रत्येक ठिपक्याला चार बाइट आणि सेकंदाला पंचवीस चित्रं धरली तर न दाबलेली माहिती सेकंदाला साधारण १०५ एमबी होते, म्हणजे ८४० मेगाबिट. हे एका मुलाचं. आरडीपी ही माहिती दाबून पाठवतं, पण दाबण्याचं काम सर्व्हरच्याच प्रोसेसरला करावं लागतं. वीस जणांनी एकदम गणिताचा व्हिडिओ लावला तर रॅम ६४ जीबी असली तरी प्रोसेसर गुडघे टेकेल.

आणि दुपारचं अडणं? आरडीपीच्या सर्व्हरमध्ये, म्हणजे एक्सआरडीपीमध्ये, मुलानं लॉगआउट न करता यंत्राचं बटण दाबलं तर त्याचं सेशन सर्व्हरवर तसंच जिवंत राहतं. पहिल्या तासाच्या आठवीतल्या मुलांचे ब्राउझर चौथ्या तासाला दहावीच्या मुलांची रॅम खात बसलेले असतात. सेशन सांभाळणाऱ्या फाइलीत, तिचं नाव सेसमॅन, तुटलेली सेशनं ठरावीक वेळानं बंद करायची सोय आहे. ती चालू करून वेळ दहा मिनिटं ठेवा. हे आजच करता येईल, आणि एवढ्यानंसुद्धा दुपार बरीच हलकी होईल.

खरा उपाय मात्र मांडणी बदलण्याचा आहे. तुमच्या बहुतेक यंत्रांत ४ जीबी रॅम आणि चालता प्रोसेसर असताना त्यांना नुसता पडदा म्हणून वापरणं मला पटत नाही. एलटीएसपी, म्हणजे लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, १९९९मध्ये जिम मॅक्विलन यांनी सुरू केला तेव्हा क्लायंट, म्हणजे वापरणाऱ्यासमोरची यंत्रं, खरोखर कमकुवत असत, म्हणून सगळं सर्व्हरवर चालवायची पद्धत पडली. २०१९मध्ये आल्किस जॉर्जोपुलोस यांनी तो नव्यानं लिहिला. आता त्याची नेहमीची रीत अशी: क्लायंट नेटवर्कवरून बूट होतो, ऑपरेटिंग सिस्टिमची दाबलेली इमेज, म्हणजे तिची अख्खी प्रत, सर्व्हरवरून वाचतो, पण प्रोग्रॅम चालतो क्लायंटच्या स्वतःच्या रॅममध्ये आणि स्वतःच्या प्रोसेसरवर. सर्व्हर फक्त फाइली पुरवतो आणि लॉगिन तपासतो. एका मुलानं वीस टॅब उघडले तर त्याचंच यंत्र अडेल, शेजारच्या मुलीला पत्ताही लागणार नाही. हद्द आपोआप पडते. आवाज आणि पेन ड्राइव्हचे प्रश्नही बहुतांशी मिटतात, कारण दोन्ही गोष्टी आता त्याच यंत्रात आहेत.

यासाठी सर्व्हर वेगळा लागत नाही. आहे त्याच १६ जीबीवर हे आरामात चालतं, कारण मोकळी रॅम इमेजच्या कॅशला, म्हणजे हाताशी ठेवलेल्या प्रतीला, मिळते आणि डिस्क फारशी वाचावीच लागत नाही. क्लायंटच्या ४ जीबीत झेडरॅम चालू ठेवा, म्हणजे रॅमचाच काही भाग दाबून स्वॅपसारखा वापरला जातो. जुन्या यंत्रांच्या हार्ड डिस्क अजून धडधाकट असतील तर त्यांवर स्वॅप ठेवता येतो, पण त्या डिस्क कधी दगा देतील सांगता येत नाही, म्हणून मी झेडरॅमच पसंत करतो. डेस्कटॉप एक्सएफसीई किंवा माटे घ्या आणि त्यातले सावल्या-पारदर्शकतेचे परिणाम बंद करा.

आता भार नेटवर्कवर जाईल, आणि इथे खर्चाची खरी गरज असू शकते. बूट होऊन ब्राउझर उघडेपर्यंत एका क्लायंटनं अंदाजे ३०० एमबी वाचले असं धरा. वीस यंत्रांचे ६ जीबी. सर्व्हर १०० मेगाबिटच्या स्विचला जोडलेला असेल तर सेकंदाला फार तर १२ एमबी जातात, म्हणजे आठ मिनिटांहून जास्त. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासातली आठ मिनिटं गेली. हाच सर्व्हर गिगाबिट पोर्टवर असेल तर एका मिनिटाच्या आसपास काम होतं. मुलांची यंत्रं १०० मेगाबिटची असली तरी चालेल, सर्व्हर ते स्विच हा दुवा मात्र गिगाबिटच हवा. मुख्याध्यापकांकडे काही मागायचंच असेल तर आधी गिगाबिट स्विच, मग सर्व्हरला एसएसडी, आणि रॅमचा नंबर त्यानंतर.

एक खाच आहे आणि ती सहसा कुणी सांगत नाही. सर्व्हर गिगाबिटवर आणि काही क्लायंट १०० मेगाबिटवर असतील, आणि नेटवर्क कार्डांत फ्लो कंट्रोल चालू असेल, तर हळू क्लायंट ‘थांब’ असा निरोप पाठवतो आणि स्वस्तातला स्विच तो निरोप थेट सर्व्हरपर्यंत पोचवतो. सर्व्हर मग सगळ्यांसाठीच थांबतो. एका जुन्या यंत्रामुळे अख्खी लॅब त्याच्या चालीनं चालू लागते, आणि प्रोसेसर-रॅम पाहिली तर दोन्ही मोकळ्या दिसतात, त्यामुळे दोष सापडत नाही. सर्व्हरच्या कार्डावर ईथटूल या साधनानं फ्लो कंट्रोल बंद करा, दोन्ही दिशांचा. स्विचमध्ये तशी सोय असेल तर तिथेही करा. प्रोग्रॅम सुरू व्हायला वेळ लागतो पण यंत्रणा निवांत दिसते अशी तक्रार आली की मी सर्वात आधी हे पाहतो.

उरली २ जीबीवाली दोन-तीन यंत्रं. आजचा ब्राउझर २ जीबीत मनासारखा चालत नाही, झेडरॅम असला तरी. त्यांना सर्व्हरवरच ठेवा, पण हद्द घालून. सिस्टमडी, म्हणजे लिनक्समध्ये सगळी कामं चालू-बंद करणारी यंत्रणा, प्रत्येक वापरकर्त्याचा एक स्वतंत्र गट करते, त्याला स्लाइस म्हणतात. सगळ्या वापरकर्त्यांच्या स्लाइसला एकच नियम लावणारी छोटी फाइल लिहिता येते. तिच्यात मेमरी-हाय आणि मेमरी-मॅक्स या दोन ओळी महत्त्वाच्या. मेमरी-हाय ओलांडली की त्या मुलाचे प्रोग्रॅम हळू केले जातात, मेमरी-मॅक्सला पोचले की त्याच्याच गटातला एखादा प्रोग्रॅम बंद पाडला जातो आणि इतरांना झळ लागत नाही. दीड आणि दोन जीबी हे आकडे सुरुवातीला ठीक आहेत. टास्क्स-मॅक्सही ठेवा, म्हणजे कुणी स्वतःलाच पुन्हा पुन्हा चालू करणारी स्क्रिप्ट लिहिली तरी सर्व्हर पडणार नाही. नववी-दहावीत असा एक प्रयोग करणारा विद्यार्थी असतोच, आणि असायलाही हवा. सीपीयू-वेट सगळ्यांना समान असतंच, त्याला हात लावू नका. सीपीयूचा कोटा घालून प्रोसेसर कापण्याच्या मी विरोधात आहे: प्रोसेसर मोकळा असताना मुलाला तो का मिळू नये? वाटणी गर्दीच्या वेळी समान असली की पुरे. रॅमचं तसं नाही, एकदा कुणी धरून ठेवली की ती सहज परत मिळत नाही, म्हणून तिला पक्की हद्द लागते.

हे बदल करताना मोजत चला. वर्ग भरलेला असताना सर्व्हरवर व्हीएमस्टॅट हा मोजमापाचा प्रोग्रॅम दर सेकंदाला चालवा आणि स्वॅपमध्ये जाणं-येणं दाखवणारे दोन रकाने पाहा. ते सतत शून्याच्या वर असतील तर रॅम कमी पडते. ते शून्य आणि डिस्कची वाट पाहण्याचा रकाना मोठा असेल तर डिस्क अडते. दोन्ही शांत आणि तरी मुलं ओरडत असतील तर नेटवर्क. वापरकर्तानिहाय भार सिस्टमडीच्या सीजीटॉपमध्ये दिसतो, कोणतं मूल किती घेतंय ते तिथे थेट कळतं. नव्या कर्नलमध्ये प्रेशर नावाची माहितीही मिळते: गेल्या दहा सेकंदांत, एका मिनिटात आणि पाच मिनिटांत रॅमसाठी किती टक्के वेळ खोळंबा झाला. मला हा आकडा सर्वात प्रामाणिक वाटतो. प्रोसेसर सरासरी तीस टक्के वापरला गेला या माहितीचा मुलाला काही उपयोग नाही. टाइप केलेलं अक्षर पडद्यावर उमटायला दोन सेकंद लागले, हे त्याला जाणवतं, आणि तो खोळंबा याच आकड्यात उतरतो.

मुलांच्या होम फोल्डरकडे, म्हणजे प्रत्येकाच्या फाइली असतात त्या जागेकडे, येऊ. एलटीएसपी सुरुवातीला होम एसएसएचएफएसनं, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर जोडायच्या एका पद्धतीनं, जोडतं. ते सुरक्षित आहे पण सगळं सांकेतिक करून पाठवत असल्यानं हळू. वीस जणांसाठी एनएफएस ही दुसरी पद्धत घ्या. त्यात एक धोका आहे: साध्या एनएफएसमध्ये सर्व्हर क्लायंटच्या शब्दावर विश्वास ठेवतो, त्यामुळे बाहेरचा लॅपटॉप त्याच केबलला लावून कुणीही कुणाच्या फाइली वाचू शकतो. म्हणून लॅबचं नेटवर्क कार्यालयापासून आणि वाय-फायपासून वेगळं ठेवा. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं, एक लॅबकडे, एक इंटरनेटकडे. प्रश्नपत्रिका आणि निकाल त्या सर्व्हरवर ठेवूच नका.

नेटवर्कवरच्या होमचा सगळ्यात मोठा शत्रू ब्राउझर. तो सतत बारीकसारीक लिहीत असतो: कॅश, इतिहास, कुकी. वीस ब्राउझर सर्व्हरच्या एका डिस्कवर असं लिहायला लागले की काय होईल ते तुम्ही पाहिलंच आहे. फायरफॉक्सला पॉलिसीच्या फाइलीतून डिस्कवरचा कॅश बंद करून टाका, किंवा कॅशचं ठिकाण क्लायंटच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये न्या, जे रॅममध्येच असतं. सगळ्याच प्रोग्रॅमांचा कॅश हलवायचा तर लॉगिनच्या वेळी कॅशचं फोल्डर कुठे ते सांगणारा चल एकदाच बदलून द्या. आणि उबुंटू वापरत असाल तर लक्षात घ्या, २२.०४पासून त्यात फायरफॉक्स स्नॅप या बंदिस्त पॅकेजच्या रूपात येतो, आणि नेटवर्कवरच्या होमशी स्नॅपचं नीट जमत नाही. स्नॅप काढून नेहमीचं डेब पॅकेज बसवा, नाहीतर सरळ डेबियन घ्या.

‘विद्यार्थी’ नावाचं एकच खातं सगळ्यांना देण्याची रीत बऱ्याच शाळांत आहे, तुमच्याकडेही असावी असा माझा कयास आहे. ती मोडा. एकच खातं दोन यंत्रांवर उघडलं की दुसरीकडचा फायरफॉक्स ‘आधीच चालू आहे’ म्हणून उघडायला नकार देतो, लिबरऑफिसही प्रोफाइलवरून भांडतं, आणि पट्टी एकानं उडवली की वीस जणांची उडते. पाचवी ते सातवीला बैठकीप्रमाणे खाती द्या, पीसी०१ ते पीसी२०, एलटीएसपीमध्ये त्यांचं आपोआप लॉगिन ठेवता येतं. दर लॉगिनला त्यांचं होम एका कोऱ्या नमुन्यावरून भरून घ्या, मग पट्टी उडाली तरी पुढच्या तासाला ती परत जागेवर असते. आठवी ते दहावीला मात्र प्रत्येकाचं स्वतःचं खातं हवं, हजेरी क्रमांकावरून नाव आणि मुलानं स्वतः ठेवलेला पासवर्ड. आपली फाइल पुढच्या आठवड्यात आपल्याला तशीच सापडते हा अनुभव त्या वयात फार मोलाचा आहे. घरी संगणक नसलेल्या मुलांना तो शाळेशिवाय कुठे मिळणार?

पट्टी, नेटवर्कच्या सेटिंग, पडद्याचा आकार एवढ्यांना कुलूप घाला. माटेमध्ये हे सेटिंग साठवणाऱ्या डीकॉन्फनं होतं, एक्सएफसीईचीही स्वतःची सोय आहे. पण वॉलपेपर आणि रंग मोकळे सोडा. काही शाळांत सगळंच गोठवून टाकलेलं मी पाहिलंय, आणि तिथली मुलं यंत्राला परक्याची वस्तू असल्यासारखं हात लावतात.

मराठी टायपिंगची तयारी सर्व्हरवरच, सगळ्यांसाठी एकदाच करून ठेवा. नोटो किंवा लोहित देवनागरी फॉन्ट, इन्स्क्रिप्ट मांडणी, आणि भाषा बदलायची एकच किल्ली, जी भिंतीवर कागदावर लिहून लावलेली असेल. सध्या कोणती भाषा चालू आहे हे दाखवणारं चिन्ह पट्टीवर दिसलंच पाहिजे. ‘मॅडम, कीबोर्ड बिघडला’ या हाकांमागे बहुतेक वेळा तेवढंच असतं. आरडीपीवर राहिलेल्या यंत्रांत मांडणी क्लायंटवरही आणि सर्व्हरवरही बदलली गेली तर भलतीच अक्षरं उमटतात, म्हणून ती फक्त एकाच बाजूला बदला. लिबरऑफिसमध्ये भाषांच्या सेटिंगमध्ये जटिल लिपीसाठी मराठी निवडून तिचा फॉन्ट ठरवून द्या, नाहीतर प्रत्येक मूल दर वेळी फॉन्ट शोधत बसेल. कार्यालयातून येणारी शिवाजी किंवा श्रीलिपीतली जुनी कागदपत्रं इथे इंग्रजी अक्षरांचा काला होऊन दिसतील. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात.

सामायिक फोल्डर एक ठेवू नका, तीन करा, कारण कामं तीन आहेत. पहिला ‘मॅडमकडून’: तुम्ही लिहिणार, मुलं फक्त वाचणार. दुसरा ‘जमा’: मुलं त्यात फाइल टाकू शकतात पण आत काय आहे ते त्यांना दिसत नाही. फोल्डरला लिहिण्याची आणि आत जाण्याची परवानगी द्यायची, वाचण्याची काढायची, शिवाय स्टिकी बिट लावायचा, म्हणजे कुणी दुसऱ्याची फाइल पुसू शकत नाही. मुलांना सांगा की फाइलीच्या नावात हजेरी क्रमांक घाला, नाहीतर ‘निबंध’ नावाची दुसरी फाइल आत जाणारच नाही. स्वाध्याय चोरण्याचा प्रश्न इथे बराच मिटतो. तिसरा ‘गट’: इथे चार-पाच जणांनी मिळून एकाच प्रकल्पावर काम करायचं.

खरी अडचण तिसऱ्यात आहे. त्याला सेटजीआयडी लावा, म्हणजे आतल्या नव्या फाइली गटाच्या होतात, आणि डिफॉल्ट एसीएलनं, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेल्या परवानग्यांनी, गटाला वाचन-लेखन द्या, पुस्तकं इथपर्यंत सांगतात. तरी एका मुलीची फाइल दुसऱ्याला उघडता येत नाही. कारण डिफॉल्ट एसीएल लागतं नव्यानं तयार होणाऱ्या फाइलीला. मुलांना फाइल कॉपी करण्यापेक्षा ओढून टाकायची सवय असते, आणि त्याच डिस्कवर ओढलेली फाइल नवी होत नाही, फक्त तिची जागा बदलते. जुन्या परवानग्या ती बरोबर घेऊन येते. याला स्वच्छ उपाय बाइंडएफएस: त्या फोल्डरला तो असा आरसा लावतो की आत आलेली प्रत्येक फाइल गटाला लिहिण्याजोगीच दिसते, ती कशीही आलेली असो. ग्रीसमधल्या शाळांसाठी बनवलेल्या एलटीएसपीच्या साधनांत हीच युक्ती वापरलेली आहे. थोडा वेग कमी होतो, शाळेच्या कामाला तो जाणवत नाही. आणि ‘गट’ फोल्डरची रोजची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर जाऊ द्या. परवानग्या कितीही नीट लावल्या तरी गटातल्याच मुलाकडून फाइल पुसली जाते.

लॉगिन होऊन परत लॉगिनचाच पडदा येण्याचं कारण जवळजवळ नेहमी जागा संपणं असतं. सेशन सुरू होताना होममध्ये दोन-चार छोट्या फाइली लिहाव्या लागतात. जागा नसेल तर सेशन सुरू होताच बंद पडतं आणि मुलाला वाटतं आपला पासवर्ड चुकला. आत्ता कुणा एकामुळे सगळी डिस्क भरत असेल तर ज्यांनी काहीच केलं नाही त्यांचंही लॉगिन अडतं. म्हणून कोटा लावा: मऊ हद्द ८०० एमबी, कडक हद्द १ जीबी. मऊ हद्द ओलांडल्यावर सवलतीचे सात दिवस असतात, ते संपले की मऊ हद्दच कडक होते. लॉगिनच्या वेळी ‘तुझी जागा भरत आली’ अशी मराठीत खिडकी दाखवणारी चार ओळींची स्क्रिप्ट ठेवा, नाहीतर कोटा लावूनही मुलं तशीच अडकतील. कचरापेटी विसरू नका. मूल व्हिडिओ पुसतं, तो कचरापेटीत जातो आणि कोट्यात मोजला जातोच. सात दिवसांहून जुना कचरा आपोआप साफ करायचं काम सर्व्हर सुरू होताना चालेल असं ठेवा. रात्रीची वेळ देऊ नका, शाळेचा सर्व्हर रात्री बंदच असतो.

प्रिंटर एकच असेल तर कप्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या छपाईच्या यंत्रणेत, दर विद्यार्थ्याला आठवड्याची पानांची मर्यादा घालता येते. ती घाला.

लाईटचं. उन्हाळ्यात आणि वळवाच्या आधी आपल्याकडे काय होतं ते मी वेगळं सांगायला नको. यूपीएसवर सर्व्हरबरोबर स्विचही हवा. बरेच जण सर्व्हरला यूपीएस देतात आणि स्विच भिंतीच्या सॉकेटला ठेवतात, मग लाईट गेली की सर्व्हर जिवंत असूनही सगळी लॅब तुटते. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून नट नावाचा प्रोग्रॅम बसवा, बॅटरी संपायच्या आत सर्व्हर स्वतःहून नीट बंद होईल. मुलांची यंत्रं इन्व्हर्टरवर नसतील तर ती लगेच बंद पडणार, म्हणून लिबरऑफिसमध्ये दर दहा मिनिटांनी होणारं आपोआप जतन दोन मिनिटांवर आणा. बायोसमध्ये लाईट आल्यावर आपोआप चालू होणं बंद ठेवा. वीस यंत्रं एकाच क्षणी बूट व्हायला लागली की नेटवर्कचा वर सांगितलेला हिशोब सगळ्यात वाईट रूपात समोर येतो. एकेक रांग चालू करा.

एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार गेला आणि सर्व्हर बंद कपाटात असला की प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो. सकाळच्या शाळेत पहिला तास बरा आणि अकरानंतर मंद, असं दिसलं तर आधी पंख्यावरची धूळ पाहा. वळवाच्या दिवसांत शाळा सुटली की स्विचची आणि इंटरनेटच्या तारेची जोडणी काढून ठेवा. विजेचा झटका तारेतून येतो, सॉकेटचं बटण बंद असल्यानं तो थांबत नाही.

इंटरनेट एकच आणि तेही बारीक असेल तर उघडलेली पानं साठवणाऱ्या स्क्विडसारख्या कॅशवर वेळ घालवू नका. बहुतेक साइट आता एचटीटीपीएसवर, म्हणजे सांकेतिक करून येत असल्यानं त्यात फार काही साठत नाही. त्याऐवजी इंटरनेटकडच्या कार्डावर केक ही रांग लावा. ती वेग यंत्रांमध्ये समान वाटते, एका यंत्रावर मोठं डाउनलोड चालू असलं तरी दुसऱ्याचं पान उघडतं. मराठी विकिपीडिया किविक्स या प्रोग्रॅमवर उतरवून सर्व्हरवर ठेवता येतो, मग तो पाहायला इंटरनेट लागतच नाही.

वर्ग सांभाळायला इपॉप्टिस बसवा. सगळ्यांचे पडदे तुमच्या यंत्रावर लहान लहान दिसतात, समजावताना त्यांचे पडदे गोठवता येतात, तुमचा पडदा सगळ्यांना दाखवता येतो. आत्ता आरडीपीवर असताना हे प्रक्षेपण जड जाईल, नव्या मांडणीत जाणार नाही.

एलटीएसपीवर गेल्यावर सुरुवातीला दोन गोष्टी चकवतात. सर्व्हरवर नवा प्रोग्रॅम बसवला तरी मुलांना तो दिसत नाही, कारण ती जुन्या इमेजवरून बूट होतात. बसवल्यावर इमेज नव्यानं बनवावी लागते. आणि नवीन विद्यार्थ्याचं खातं उघडलं किंवा एलटीएसपीची सेटिंगची फाइल बदलली तर इनिटआरडी, म्हणजे बूटच्या सुरुवातीला क्लायंट वाचतो ती छोटी फाइल, पुन्हा बनवावी लागते, नाहीतर क्लायंटला तो विद्यार्थी माहीतच नसतो. जूनमध्ये प्रवेश झाले की या दुसऱ्या गोष्टीची आठवण ठेवा. नवी इमेज बनवताना जुनी एक प्रत आपोआप राखली जाते, बिघडलं तर तिच्यावर परत जाता येतं. तरी प्रात्यक्षिक परीक्षेच्या आठवड्यात इमेजला हात लावू नका.

मांडणी बदलायच्या आधी मला तीन गोष्टी कळवा: स्विचचा मॉडेल क्रमांक, वीस मुलं बसलेली असताना व्हीएमस्टॅटच्या साधारण तीस ओळी, आणि त्या २ जीबीच्या यंत्रांत रॅमचा दुसरा खण रिकामा आहे का. खण रिकामा असेल तर बाद झालेल्या दुसऱ्या यंत्रातली पट्टी त्यात बसते का पाहू, म्हणजे आरडीपी पूर्णच काढून टाकता येईल.